तोफा आल्या, पण दारूगोळ्याचे काय?

कोथरूडचा विद्यार्थी: मार्च २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने ३०७ एटॅग्ज (वाहनाने ओढून नेण्याच्या प्रगत) तोफांसाठी सुमारे ६,९०० कोटी रुपयांचे करार केले. पाषाणच्या आयुध संशोधन आस्थापनेने विकसित केलेल्या या तोफांचा मोठा वाटा पुण्याचीच भारत फोर्ज बनवणार आहे. परंतु चीन आणि पाकिस्तान या दोन्ही सीमांवर अशा खरेदीने खरोखर जरब बसते का? जाणकारांनी कृपया सांगावे.

तोफखान्यातील निवृत्त अधिकारी, वानवडी: बसते, पण अर्धीच. बोफोर्सनंतर जवळपास तीस वर्षे आपण मोठी नवी तोफ घेतली नाही, त्यामुळे ४८ किलोमीटरपर्यंत मारा करणाऱ्या तोफेचे मोल मी कमी लेखणार नाही. तरीही समोरचा केवळ तोफा मोजत नाही. त्या किती दिवस धडधडत राहतील, याचा तो हिशेब मांडतो. कारगिलमध्ये आपण सुमारे अडीच लाख गोळे व रॉकेट डागले. चाळीस दिवसांच्या युद्धाला पुरेल इतका साठा हवा, असे ठरलेले असताना सुमारे ४० टक्के प्रकारांचा दारूगोळा दहा दिवसही पुरणार नाही, असे महालेखापरीक्षकांनी २०१७ मध्ये नोंदवले होते. संचलनात तोफ दिसते, कोठार दिसत नाही. म्हणून निधीही तोफेकडेच वळतो, हे माझे स्पष्ट मत.

बावधनचा वाचक: साहेब, आपला मुद्दा मान्य; मात्र मिग-२१ निवृत्त झाल्यावर मंजूर ४२ ऐवजी हवाई दलाकडे २९ लढाऊ स्क्वाड्रन (विमानांच्या तुकड्या) उरली असताना पैसा गोळ्यांवर आधी खर्चावा का?

तोफखान्यातील निवृत्त अधिकारी, वानवडी: विमाने हवीतच. पण ती मिळायला वर्षे लागतात आणि गोळ्यांचा कारखानाही ऐन युद्धात उभा राहत नाही. युक्रेनला मार्च २०२४ पर्यंत दहा लाख तोफगोळे देण्याचे युरोपीय संघाने जाहीर केले होते. श्रीमंत देश असूनही मुदतीत जेमतेम निम्मे पोहोचले, कारण मागणीच नसल्याने तिथली उत्पादनक्षमता आटली होती. म्हणूनच डिसेंबर २०२३ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सशी इलेक्ट्रॉनिक फ्यूजसाठी (गोळ्याचा स्फोट घडवणाऱ्या भागासाठी) झालेला ५,३३६ कोटींचा करार मला अधिक महत्त्वाचा वाटतो. हे फ्यूज पुण्यात आणि नागपूरच्या नियोजित कारखान्यात बनायचे आहेत आणि करार दहा वर्षांचा असल्याने कारखानदाराला यंत्रे व माणसे टिकवून धरता येतात. स्फोटके आणि प्रणोदक (गोळा तोफेतून फेकणारी दारू) यांच्यासाठीही अशीच दीर्घ मुदतीची मागणी नोंदवली जावी.