पिकअपचं पुढचं सस्पेन्शन घरी बसवलंय? अनुभव लिहा (बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी)

धागाकर्ता, बेळगाव

नमस्कार मंडळी. आपल्याकडं पिकअप म्हणजे शेताला पण तीच, बाजाराला पण तीच आणि जत्रेला पाहुणे आणायला पण तीच. रस्ते कसे हायत ते पावसाळ्यानंतर जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ल्यात उतरलेल्यांना सांगायला नको. कंपनीचे शॉकअप गेले की हल्ली बरेच जण बाहेरचं किट मागवून घरच्या अंगणातच बसवायला लागलेत. व्हिडिओत सगळं सोपं दिसतंय, पण गंजलेला बोल्ट आणि दाबून धरलेली स्प्रिंग काय असते ते हात घातल्याशिवाय कळत नाही. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी लिहा, कुठं अडलं, कुठं जीव जपायला पाहिजे. कुठल्या कंपनीचं किट भारी हा वाद इथं नको.

खानापूर

माझी इसुझुची व्ही-क्रॉस, पुढं डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म, म्हणजे लोखंडी दांडे) आणि कॉइल स्प्रिंग, मागं पाटे (लीफ स्प्रिंग). पुढून साधारण ४० मिमी उचलणारं किट घेतलं. स्प्रिंग निवडताना आधी हे ठरवा की पुढं कायमचं जादा वजन हाय का. विंच (गाडी ओढून काढायचं यंत्र), लोखंडी गार्ड असलेल्यांसाठी कडक स्प्रिंग येते, ती मोकळ्या गाडीला घातली की गाडी खड्ड्यात नुसती आपटते. क्रॅश गार्ड तर सरकारनं २०१७ मध्येच बंद केलेत, मग कडक स्प्रिंग कशाला, मी साधीच घेतली.

आदल्या रात्री सगळ्या बोल्टांवर गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं, आमच्या पावसानं आणि तांबड्या मातीनं नट असे धरलेले असतात की कोरडा पाना लावला तर नटाचे कोनेच गोल होतात. गाडी सपाट काँक्रीटवर, मागच्या चाकांना ओंडके, आणि चेसिसखाली दोन्ही बाजूला जॅक स्टँड. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली जायचं नाही म्हणजे नाही. दोन्ही चाकं एकदम अधांतरी ठेवली की स्टॅबिलायझर बार (दोन्ही बाजू जोडणारा, गाडी कलू न देणारा दांडा) सैल पडतो आणि त्याची लिंक हातानं निघते, एकच बाजू उचलली तर तो बार आर्मला दाबत बसतो आणि मग टॉमी (लोखंडी पहार) घालून झटापट. एबीएसची वायर आणि ब्रेकचा पाइप क्लिपमधून आधी मोकळा करा, वरचा बॉल जॉइंट सोडल्यावर नकल (ज्यावर चाक बसतं तो भाग) बाहेर कलतो आणि सगळा ताण त्या पाइपावर येतो, मी तो तारेनं वर बांधून ठेवला होता. जुना शॉकअप खोलायच्या आधी वरची प्लेट, स्प्रिंगचं टोक आणि खालचा डोळा एका रेषेत पांढऱ्या पेंटनं खूण करून घेतली, नाहीतर जोडल्यावर वरचे तीन बोल्ट भोकात बसतच नाहीत.

स्प्रिंग मात्र घरी दाबली नाही, उद्यमबागेत, बेळगावच्या कारखान्यांच्या भागात, नेली.

उद्यमबाग, बेळगाव

खानापूरच्या दादांनी केलं ते एकदम बरोबर. आमच्याकडं हायड्रॉलिक प्रेस हाय, बुश (सांध्यातली रबरी नळी) दाबायचंच काम जास्त, पण आता शॉकअप घेऊन पण लोक येतात. दोन हुकांचा स्वस्त कॉम्प्रेसर एका बाजूला सरकला की स्प्रिंग सुटते आणि ती माणूस बघत नाही, समोर जे असेल त्याला लागते. मधला नट तर स्प्रिंग पूर्ण दबून वरच्या प्लेटवरचा ताण गेल्याशिवाय हलवायचाच नाही.

दुसरं, हे फार कमी लोक करतात. आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी वर असताना फक्त हलके लावा. चाकं जमिनीवर आली, गाडी पुढं-मागं ढकलून बसली की मगच टॉर्क पान्यानं शेवटचं आवळा. बुशमधलं रबर आतल्या नळीला चिकटवलेलं असतंय, आर्म लोंबकळत असताना आवळलं की गाडी खाली आल्यावर ते रबर पिळलं जातंय, आणि कायम पिळलेलंच राहतंय ओल्या कापडासारखं. काही महिन्यांत फाटतं, आणि मग लोक म्हणतात किट खराब निघालं. किटचा काय दोष?

चिकोडी

आमच्या जुन्या पिकअपला पुढं पण पाटेच. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरनी पाडलेल्या चाकोऱ्यांतून गाडी घालावी लागते, म्हणून पुढं नवीन पाटे आणि गॅसचे शॉकअप घातले. शेजारचे मेस्त्री अण्णा सारखे "निधान, निधान" (कन्नडमध्ये हळूहळू) म्हणत उभे होते आणि त्यांच्यामुळंच काम नीट झालं. पाटे अॅक्सलला धरणारे यू बोल्ट नवीनच घ्या, जुने ताणलेले असतात, परत आवळले तरी धरत नाहीत. पाटे एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचं डोकं अॅक्सलच्या भोकात पूर्ण बसलंय का ते बोटानं चाचपून बघा, मग चारी नट आलटून पालटून आवळा. आणि थोडी गाडी चालवली की परत आवळायचेच, पाटे बसतात आणि बोल्ट ढिले होतात. पुढून उंची वाढली की स्टेअरिंग पण वाकडं येतंय, ते ड्रॅग लिंकवरून (स्टेअरिंग चाकाला जोडणारा दांडा) सरळ करून घ्यावं लागतंय.

निपाणी

बसवून झालं की त्याच दिवशी अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घ्या. उंची बदलली की टो (वरून बघताना चाकं आत-बाहेर वळणं) बदलतो, कॅम्बर (समोरून बघताना चाकाचा कल) पण, आणि आमच्यासारखं रोज हायवेनं कोल्हापूर करणाऱ्याचे टायर कडेनं बघता बघता खातात. निघताना प्रिंट मागा, कास्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढं-मागं कल) पण बघा, वळणावरून स्टेअरिंग आपोआप परत यायला पाहिजे. हेडलाइट पण खाली घ्या, समोरच्याचे डोळे दिपतात हो.

हुक्केरी

फोर बाय फोर हाय, ७५ मिमी उचलायची म्हणतोय. पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचं (चाकाला ताकद देणारा दांडा) काय होतंय?

खानापूर

अण्णा, एवढी नको. उंची वाढली की शाफ्ट तिरपा होतो, शाफ्टच्या टोकाच्या सीव्ही जॉइंटचं (वळणारा सांधा) रबरी बूट घड्यांत घासून फाटतं, ग्रीस गेलं आणि चिखल आत शिरला की जॉइंट संपला. ५० मिमीच्या वर गेलात तर वरचे आर्म पण बदलावे लागतात आणि पुढचा डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) खाली घ्यायचं किट पण लागतंय. ४० मध्ये आमचं चोर्ला, तिलारी सगळं होतंय. आणि काही करायच्या आधी इन्शुरन्सवाल्यांना विचारून लेखी घ्या.