बी विंगचा पंप : ग्राउंड फॉल्ट

सेक्रेटरी, ए-२०१: बी विंगचा प्रेशर पंप परत ट्रिप. ड्राइव्हवर (मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर) ग्राउंड फॉल्ट येतोय. पंपवाला म्हणतो मोटर जळली, रिवाइंडिंग करा नाहीतर नवीन घ्या

बी-७०४: आमच्याकडे शॉवरला धारच नाहीये 🙄

सी-३०२: मोटर काढायला देऊ नका अजून. ड्राइव्ह तिन्ही फेजच्या करंटची बेरीज बघतो, ती शून्य यायला हवी, नाही आली म्हणजे करंट कुठूनतरी अर्थिंगला चाललाय, पण कुठून ते त्याला कळत नाही. ड्राइव्ह स्वतः, केबल किंवा मोटर, कोणीही असेल. ट्रिप कधी होतो, स्टार्टलाच की चालल्यावर?

सेक्रेटरी, ए-२०१: वॉचमन म्हणतो सकाळी लगेच, दुपारी बराच वेळ चालतो

सी-३०२: मग ओल असणार, पंप रूममध्ये पाणी झिरपतंच या दिवसांत

ए-६०१: मी काल दुपारी मल्टीमीटर लावला होता, बॉडीला बीप येत नाही. मोटर ठीक वाटते

सी-३०२: काका बीप फक्त थेट शॉर्ट असेल तरच वाजतो, ओली इन्सुलेशन त्यात कळत नाही, ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) लागतो. आणि प्लीज, मेगरच्या आधी मोटरला जाणाऱ्या यू व्ही डब्ल्यू तिन्ही वायरी ड्राइव्हमधून काढायला सांगा, नाहीतर ते व्होल्टेज ड्राइव्हमध्ये शिरून आतले आयजीबीटी (पॉवर ट्रान्झिस्टर) उडतील आणि नवा खर्च. मेन बंद केल्यावर १०-१५ मिनिटं हात लावायचा नाही, आत कपॅसिटरवर जवळजवळ ६०० व्होल्ट डीसी असतात, मीटरने शून्य बघूनच पुढे

सी-३०२: वायरी काढून ड्राइव्ह नुसता चालवा. तरी ग्राउंड फॉल्ट आला तर ड्राइव्हच गेलाय. नाही आला तर मोटरचा बॉक्स उघडून केबल वेगळी, मोटर वेगळी मेगर करा. निदान ५ मेगाओहम हवेत, चांगली मोटर शेकड्यात दाखवते

बी-१०३: यूट्यूबवर एकजण सांगतो सेटिंगमध्ये ग्राउंड फॉल्ट बंद करून टाका, चालतं म्हणे 😀

सी-३०२: अजिबात नाही!! पंपाची बॉडी पाण्याच्या पाइपला जोडलेली आहे, शॉकचा धोका. कॅरियर फ्रिक्वेन्सी (ड्राइव्ह सेकंदाला किती पल्स देतो ते) कमी केली तर लांब केबलची गळती घटते हे खरं, पण आपली केबल जेमतेम १० मीटर, इथे तो प्रश्नच नाही

सेक्रेटरी, ए-२०१: आज सकाळी इलेक्ट्रिशियनने केलं सगळं. ड्राइव्ह रिकामा नीट चालला. मोटर २०० मेगाओहम. केबलचा काटा शून्यावर 😳 केबलच्या पाइपातून ओढली तर मधे टेप गुंडाळलेला जॉइंट, पाइपात पाणी

ए-६०१: जॉइंट कोणी दिला पाइपात?

सी-३०२: टेप सुकला की मेगर परत चांगला दाखवेल, त्यावर जाऊ नका. ड्राइव्हच्या पल्सने मोटरच्या टोकाला हजार व्होल्टच्या वर उसळ्या येऊ शकतात, असला जॉइंट टिकत नाही. पूर्ण नवी केबल टाका, मधे जॉइंट नको, चौथी कोअर अर्थसाठी, आणि मोटरच्या बॉक्सला ग्लँड (केबल आत शिरते तिथली घट्ट सील) नीट बसवून घ्या

सेक्रेटरी, ए-२०१: ओके, केबल आज मागवतो. पंपवाल्याला रिवाइंडिंग नको म्हणून कळवलंय

बी-१०३: त्याने व्हिजिट चार्ज लावलाय का तरी?

सेक्रेटरी, ए-२०१: लावलाय 😑