शब्दचर्चा : ‘मूत्रनलिका’ म्हणजे नक्की कोणती नळी?

टिपणवही :
रुग्णांसाठीच्या एका माहितीपत्रकाचं मराठी करतोय आणि गाडी पहिल्याच आकृतीपाशी अडली आहे. मूत्रपिंडातून मूत्राशयात उतरते ती नळी आणि मूत्राशयातून बाहेर पडते ती नळी, दोन्हींना लोक बिनदिक्कत ‘मूत्रनलिका’ म्हणतात. आकृतीत बाण दोन आणि नाव एकच, असं कसं चालेल? शिवाय किडनीला वृक्क लिहावं की मूत्रपिंड? जाणकारांनी सांगावं.

पाटीपेन्सिल :
‘मूत्रनलिका’ हा शब्दच काढून टाका. वरच्या दोन त्या मूत्रवाहिन्या, खालचा एक तो मूत्रमार्ग. मूत्रवाहिनी साधारण २५ ते ३० सेंमी लांब असते आणि ती खरोखर ‘वाहिनी’ आहे. लघवी तिच्यातून नुसती ओघळत नाही. भिंतीतले स्नायू लाटेसारखे आवळत तिला खाली ढकलतात, म्हणून आडवं पडलं तरी काम चालू राहतं.

मूत्रमार्ग पुरुषांत १८ ते २० सेंमी, स्त्रियांत जेमतेम ४. आतड्यातले जिवाणू इतक्या आखूड वाटेने मूत्राशयात सहज पोचतात. स्त्रियांना लघवीचा संसर्ग जास्त का होतो, याचं मोठं कारण हेच.

दोन नावं वेगळी ठेवायला आणखी एक कारण आहे. मूत्रवाहिनीत खडा अडकला की कळ कुशीतून निघून जांघेकडे उतरते. मूत्रमार्गाला संसर्ग झाला तर लघवी करताना आग होते. पत्रकात ‘मूत्रनलिकेत दुखते’ छापलंत, तर वाचणाऱ्याने हात कुठे ठेवायचा?

जुनीपोथी :
मूत्रवाहिनीला जुना शब्द आहे, गवीनी. अथर्ववेदाच्या पहिल्या कांडात तुंबलेली लघवी मोकळी व्हावी म्हणून एक सूक्त आहे. त्यात आतडी, गवीनी आणि बस्ती अशी जागांची नावं ओळीने येतात. बस्ती म्हणजे मूत्राशय.

‘वृक्क’बद्दल एक गंमत. शब्द संस्कृतच, पण चरकसंहितेत वृक्कांचं नातं मेदाशी लावलेलं आहे, मूत्राशी नाही. मूत्रवह स्रोतसाचं, म्हणजे मूत्र वाहून नेणाऱ्या मार्गाचं, मूळ बस्ती आणि वंक्षण, म्हणजे जांघेचा सांधा, असं तिथे सांगितलंय. त्यामुळे ‘वृक्क’ जुना म्हणून जास्त शास्त्रशुद्ध, हा युक्तिवाद मला पटत नाही. ‘मूत्रपिंड’ शब्द निदान काम तरी सांगतो.

टिपणवही :
गवीनी सुरेख आहे, पण पोटात कळ येत असलेल्या माणसासमोर ठेवायची हिंमत होत नाही. मूत्रपिंड घेतो, पहिल्या उल्लेखाला शेजारी ‘किडनी’. ‘किडनी रक्त गाळते’ हे वाक्य ठेवू ना?

पाटीपेन्सिल :
ठेवा, पण पुढे एक वाक्य जोडा. दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि लघवी होते एक ते दोन लिटर. बाकीचं सगळं परत रक्तात घेतलं जातं. गाळणी असं काही परत घेत नाही! हे काम नेफ्रॉनचं, म्हणजे मूत्रपिंडातल्या अतिसूक्ष्म नळ्यांचं. एका मूत्रपिंडात ते सरासरी दहा लाखांच्या आसपास असतात. त्यांच्या तोंडाशी जी वाटी असते ती बोमन संपुट. विल्यम बोमन यांनी १८४२ मध्ये तिचं वर्णन केलं. शिवाय रक्तदाब सांभाळणं, तांबड्या पेशी बनवायला अस्थिमज्जेला निरोप धाडणं, ड जीवनसत्त्व कामाला लावणं, हीही कामं मूत्रपिंडाचीच. ‘गाळते’त यातलं काही येत नाही.

वॉर्डातली :
तुम्ही दोन नळ्यांवर अडलात, आमच्याकडे तिसरीही आहे. लघवी अडली म्हणून जी रबरी नळी घालतात, तिलाही पेशंट ‘लघवीची नळी’च म्हणतात. ‘नळीला त्रास होतोय’ म्हटलं की आधी विचारावं लागतं, तुमची की आम्ही घातलेली? पत्रकात तिला सरळ कॅथेटर म्हणा.

पण माझ्या मते खरा घोळ ‘सूज’ या शब्दाचा आहे. ‘किडनीला सूज आहे’ याचे तीन अर्थ मी रोज ऐकते. एक, सोनोग्राफीत हायड्रोनेफ्रोसिस निघाला. म्हणजे खाली खडा किंवा दुसरा काही अडथळा आहे, लघवी मागे साचतेय आणि मूत्रपिंडातली पोकळी फुगलीय. दोन, नेफ्रायटिस, म्हणजे खरा दाह. तीन, मूत्रपिंडातून प्रथिनं गळतायत किंवा पाणी साठतंय म्हणून पायावर, डोळ्यांभोवती आलेली सूज. पहिल्यात अडथळा काढायचा असतो, दुसऱ्यात दाहाचं कारण शोधायचं असतं, तिसऱ्यात तर सुजलेला भाग मूत्रपिंड नसतोच. तरी नातेवाईक विचारतात, ‘सूज उतरायची गोळी द्या ना.’ त्यातल्या काही वेदनाशामक गोळ्या आजारी मूत्रपिंडाला उलट घातक. गरोदरपणातही, विशेषतः उजव्या बाजूला, थोडं फुगलेलं मूत्रपिंड बऱ्याच जणींत दिसतं. रिपोर्टवर ‘सूज’ ऐकून बिचाऱ्या घाबरून जातात.

पहिल्याला ‘फुगवटा’ म्हणा, दुसऱ्याला ‘दाह’. ‘सूज’ फक्त पायाला आणि चेहऱ्याला राहू दे.

टिपणवही :
ताई, हे जसंच्या तसं घेतो. ‘लघवी होत नाही’ यातही असंच काही आहे का?

वॉर्डातली :
आहे ना. मूत्राशय भरलंय पण बाहेर पडत नाही, ते ‘तुंबणे’. ओटीपोट टम्म, माणूस कळवळतो आणि कॅथेटर घातला की पाच मिनिटांत सुटकेचा श्वास टाकतो. लघवी तयारच होत नाही, ते वेगळं. तिथे मूत्राशय रिकामं असतं, माणूस शांत पडलेला असतो, म्हणून घरच्यांच्या लक्षात उशिरा येतं. ‘तुंबली’ आणि ‘बनत नाही’ असे दोन शब्दप्रयोग ठेवा. मूत्राघात वगैरे नको.

अवांतर :
‘उन्हाळी लागणे’ कुणीच कसं काढलं नाही? आमच्या आजीच्या पिढीचा हुकमी शब्द.

जुनीपोथी :
शब्द झकास, पण ते लक्षण आहे, आजाराचं नाव नाही. पाणी कमी पडून लघवी दाट झाली की आग होते, पाणी प्यायलं की थांबते, तोवर ‘उन्हाळी’ ठीक. थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं, लघवीतून रक्त, यातलं काही सोबत असेल तर ‘उन्हाळीच आहे’ म्हणत घरी बसू नये.

अवांतर :
आणि ‘मुतखडा’ म्हणायची लाज का वाटते लोकांना? सगळे ‘स्टोन’ म्हणतात, मग तो मूत्रपिंडातला की पित्ताशयातला हे परत विचारत बसा. नुसता ‘मुतखडा’ म्हटलं की पत्त्यासकट सांगून होतं.

पाटीपेन्सिल :
अनुमोदन. ‘किडनी फेल’चंही बघा. ‘निकामी’ म्हटलं की कायमचं गेलं असं वाटतं. जुलाब-उलट्यांनी पाणी आटून किंवा औषधाने अचानक झालेला बिघाड वेळीच उपचार मिळाले तर पुष्कळदा भरून येतो. मधुमेहाने, रक्तदाबाने वर्षानुवर्षं होत गेलेली झीज भरून येत नाही. पहिल्याला ‘तीव्र बिघाड’, दुसऱ्याला ‘जुनाट आजार’ आणि ‘निकामी’ अगदी शेवटच्या टप्प्यासाठी.

टिपणवही :
आभार. शेवटची शंका. मूळ मजकुरात प्रोस्टेट वाढल्याने धार बारीक होते असं आहे. पुरःस्थ ग्रंथी लिहू?

वॉर्डातली :
प्रोस्टेटच लिहा. फक्त ‘वाढणे’ गाळू नका. लोक ‘त्यांना प्रोस्टेट आहे’ एवढंच म्हणतात. अहो, ते सगळ्याच पुरुषांना असतं!