तबला शिकायला लागलो आणि फोनवर 'खाली' सापडेना

डोंबिवलीकर:
वय ४७. गेल्या वर्षी तबल्याच्या क्लासला जायला लागलो आणि पंचाईत झाली. रोज भांडी घासताना ओट्यावर फोन ठेवून मध्यलय तीनतालातली (सोळा मात्रांचा ताल) एक जुनी बंदिश लावतो. वीस वर्षं तीच. परवा सवयीने टाळी धरली, तर 'खाली', म्हणजे तालातली बिनटाळीची जागा, कुठे येते तेच कळेना. क्लासमध्ये सतरंजीवर बसलेलो असतो, दहाव्या मात्रेला डग्गा (डाव्या हाताचा, खर्जातला) गप्प होतो, तेराव्यापर्यंत नुसता तबला बोलतो. मग चौदाव्याच्या 'धिं'ला सरांचं मनगट डग्ग्यावर दाबत पुढे सरकतं, तो घुमारा मांडीला लागतो. फोनवर डग्ग्यासकटचा धिं काय नि डग्ग्याशिवायचा तिं काय, दोन्ही सारखेच. मग मी वीस वर्षं ऐकत काय होतो?

चारतारा:
फोनच्या चिमुकल्या स्पीकरला डग्ग्याचा खर्ज झेपतच नाही हो. बरा इयरफोन लावून बघा.
माझं दुखणं वेगळं. मी तंबोरा लावते. जवारीचा, म्हणजे घोडीवर तारेखाली असतो तो, दोरा केसभर सरकवला की खर्जाच्या तारेतून गंधार (ग) आपसूक निघतो, अजून जरासा सरकला की गेला. तो गंधार कानात बसल्यापासून पेटीचा चढा लागतो. चढा असतोच, दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराच्या सातव्या भागाएवढा. पेटीच्या साथीच्या माझ्या लाडक्या रेकॉर्डी त्यापायी नासल्या. शिकू नये माणसाने!

जुनी_तबकडी:
नासल्या कसल्या? १९२५च्या सुमारास विजेवरचं रेकॉर्डिंग येईपर्यंत कर्ण्यात तोंड घालून गात होते. तीन-साडेतीन मिनिटांत सगळं उरकायचं. त्यात डग्गा शोधून दाखवा. आमचे आजोबा तरी त्या तबकड्यांवर मांडीवर ठेका धरायचे, खालीसकट. मैफली ऐकलेल्या होत्या ना, जे नाही ते कान भरून घेत असणार. डोंबिवलीकर, एका वर्षात घाबरलात? अजून थोडं वाजवा.

डोंबिवलीकर:
चारताराताई, मुलीचा इयरफोन लावला. डग्गा आहे! खालीही जागच्या जागी.
पण सातव्या मिनिटाला बुवा आलापात असताना तबलेवाल्यांनी हळूच दोनदा हातोडी मारलीय. टक, टक. तबला उतरला असणार. वीस वर्षांत कधी ऐकू आली नव्हती. आता सहाव्या मिनिटापासूनच मी तिची वाट बघत बसतो, बुवा राहिले बाजूला.