जोडसुट्टीत भंडारदऱ्याला गाडी घेऊन जाऊ नका

घाटमाथा (धागाकर्ता):
१५ ऑगस्ट शनिवार-रविवारला चिकटला की काय होतं ते २०२५ ला पाहिलंच. शुक्रवारी झेंडावंदन, शनिवारी दहीहंडी, मग रविवार. मुंबईकर कसारा घाट चढून घोटीमार्गे, नाशिककर घोटीवरूनच, पुणेकर संगमनेर-अकोले-राजूरवरून, आणि सगळ्यांचं तोंड एकाच गावाकडे: शेंडी. तिथून जलाशयाला वळसा घालणारा रिंग रोड सुरू होतो. मुतखेल, रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत आणि परत शेंडी. पावसात खचलेल्या कडांचा अरुंद रस्ता. समोरून मिनी बस आली की एकाने चाक भाताच्या खाचरात घालायचं, दुसरा पर्याय नाही.

बरं, नेमकं हेच दिवस का, तर धरण साधारण याच सुमाराला भरतं. अकरा टीएमसीचं पाणी, सांडव्यावरून फेस, खाली अंब्रेला फॉल, अमृतेश्वराच्या देवळावर ढग टेकलेले. मान्य, सुंदर आहे. पण खोली मिळवायची तर दोन रात्रींचं पॅकेज सक्तीचं, भाडं दामदुप्पट. मागे आम्ही राहिलो त्या रिसॉर्टचं (नाव घेत नाही) रात्रीचं जेवण नऊलाच संपलं आणि डीजे मात्र मध्यरात्रीपर्यंत पुरला. माझं म्हणणं एवढंच: तळं बघायचं असेल तर मंगळवार-बुधवारी जा. जोडसुट्टीत घरी बसा. स्थानिकांनाही तेवढीच उसंत.

कसारा लोकल:
मंगळवारी जा म्हणे! दादा, मंगळवारी माझ्या मुलीची चाचणी असते आणि नवऱ्याला सुट्टी मागितली की साहेब कॅलेंडर दाखवतो. आमच्यासारख्यांना वर्षात जोडसुट्ट्या मिळतात त्या सरकारने छापलेल्या, तेवढ्याच. ज्यांचं ऑफिस लॅपटॉपमध्ये मावतं त्यांनी बाकीच्यांना आडवारी फिरायचे सल्ले देऊ नयेत. गर्दी आम्हालाही आवडत नाही. पण डोंबिवलीत दोन खोल्यांत पावसाळा काढणाऱ्या माणसाला पाण्याकाठी एक दिवस बसावंसं वाटलं तर तो काय गुन्हा?

ट्रायपॉड:
+१ धागाकर्त्याला. काजव्यांच्या दिवसांतही हेच. मे संपताना हिरड्या-बेहड्याची, सादड्याची झाडं लुकलुकतात. नर-मादी उजेडानेच एकमेकांना शोधतात आणि आपण तिथे हेडलाइट चालू ठेवून सेल्फी काढतो.

प्रवराकाठ:
मी खालच्या अंगाचा, संगमनेरचा. धरणाकडे तुम्ही सहलीची जागा म्हणून बघता, आम्ही पाण्याची टाकी म्हणून. हे विल्सन धरण, म्हणजे तुमचं भंडारदरा, १९२६ साली पुरं झालं ते बोटिंगसाठी नव्हे. प्रवरेचं पाणी ओझरच्या बंधाऱ्यावरून कालव्यांत जातं, त्यावर राहाता-श्रीरामपूरपर्यंतचा ऊस उभा राहिला, साखर कारखाने उभे राहिले. एकाच जिल्ह्यात घाटघरला पाऊस कोसळतो आणि आमच्या पूर्वेकडच्या तालुक्यांत लोक टँकरची वाट बघतात. मधला दुवा हे धरण. त्यात तुम्ही फेकलेली बाटली आधी खालच्या निळवंडे धरणात येते, मग आमच्याकडे.

पण धागाकर्त्याचंही पटलं नाही. बुधवारी आलेला माणूस बाटली खिशात घालून परत नेतो, असं काही आहे का?

घाटमाथा:
नाही. पण बुधवारच्या पाचपन्नास बाटल्या उचलता येतात. शनिवारचा ढीग कोण उचलणार? शिवाय हा नुसता कचऱ्याचा प्रश्न नाही. रतनवाडीत कुणाला रात्री साप चावला तर राजूरच्या दवाखान्यापर्यंत पोचायचं त्याच रस्त्याने, ज्यावर तुमच्या गाड्या तीन तास उभ्या.

शेंडीची सून:
एवढा वेळ वाचत होते. 'स्थानिकांना उसंत' हे कुणी मागितलं होतं तुम्हाला?

आमची खानावळ आहे, वरती दोन खोल्या पाहुण्यांना देतो. काजव्यांचे थोडे दिवस, मग पाऊस, थंडीत तंबूवाले. झाला धंदा. पावसाळ्यात मंगळवारी-बुधवारी चुलीवर भाकरी टाकायची तर घरच्यांपुरतीच. १५ ऑगस्टच्या तीन दिवसांत मुलाच्या कॉलेजची फी निघते. खाचरात दुसऱ्याच्या गाडीचं चाक गेलं की जीव जळतो, ते खरं. जिरवेल भाताची आवणी (लावणी) वाकून वाकून केलेली असते, बांध फुटला की पाणी निघून जातं, आणि भरपाई मागायला जावं तर गाडीवाला काच वर करतो. पण म्हणून माणसंच येऊ नका म्हणणं हे शहाणपण शहरातलं.

माझी तक्रार वेगळी हाये. तळ्याकाठच्या बऱ्याच मोठ्या रिसॉर्टांचे मालक बाहेरचे. नाश्ता, जेवण, चहा, शेकोटी सगळं त्यांच्या पॅकेजात. पाहुणा फाटकातून आत जातो, दोन दिवसांनी बाहेर येतो. गावात घेतो काय? फार तर भाजलेलं कणीस. त्यांचा ओला कचरा मात्र गावाच्या उताराला. किती गाड्या आल्या ते मोजता तुम्ही. कोण कुठं जेवलं तेबी मोजा.

ट्रायपॉड:
ताई, हे शंभर टक्के. फोटो काढायला पूर्वी जिथून पाण्यापर्यंत उतरत होतो तिथे आता तारेचं कुंपण आणि 'खाजगी मालमत्ता' अशी पाटी. तळं सरकारचं, काठ शेठचा.

(अवांतर: 'लेकटच', म्हणजे थेट पाण्याला लागून, अशी जाहिरात केलेल्या ठिकाणी बुकिंग केलंत तरी पाण्यात उतरू नका. बॅकवॉटरचा तळ सपाट नसतो, जुनी शेतं आणि ओढे बुडालेले आहेत, गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल थेट खोलात जाऊ शकतं. गाळात पाय अडकतो तो वेगळाच.)

घाटमाथा:
शेंडीच्या ताई, तुमचा मुद्दा रास्त आहे, पण तो माझ्या विरोधात नाही. मला माणसं नकोत असं नाही, गाड्या नकोत. शीर्षक परत वाचा. माथेरानला गाडी दस्तुरीपर्यंतच जाते, पुढे पाय, घोडा, रेल्वे. तरी तिथली हॉटेलं ओस पडलेली नाहीत. जोडसुट्टीत बाहेरच्या गाड्या शेंडीला थांबवा. रिंग रोड एकेरी करा, त्यावर फक्त गावातल्या जीपा. तिकीट काढा, बसा, रतनवाडीला उतरा, देऊळ बघा, मागच्या जीपने पुढे. तसंही हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, १९८६ पासून. अभयारण्यात वाटेल तेवढ्या गाड्या सोडायच्या हे कुठल्या तर्कात बसतं?

कसारा लोकल:
सासूबाईंचे गुडघे घेऊन भर पावसात जीपची वाट बघत उभं राहू? तुम्ही रोज ट्रेक करत असाल हो.

प्रवराकाठ:
रिंग रोडला दुपारपर्यंत कोंडीत बसण्यापेक्षा जीप बरी नाही का? गाडीत बसूनही गुडघे आखडतातच.

शेंडीची सून:
जीपा चालतील. पण आधी सांगा, ठेका कुणाला? आजवरचा अनुभव असा की योजना गावाच्या नावानं येते आणि पावतीपुस्तक भलत्याच्या हातात सापडतं. मुरशेतच्या पोराची जीप रांगेत शेवटी आणि पुढाऱ्याच्या भाच्याच्या पाच पुढं, असं होणार असेल तर राहू द्या तुमचं माथेरान.

घाटमाथा:
साताऱ्याजवळच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात ऑनलाइन नोंदणी आहे, रोज किती माणसं सोडायची त्याला मर्यादा आहे, आणि कारभार आसपासच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीकडे. शुल्क गोळा करणारेही गावातले, वाट दाखवणारेही. इथे का नाही होणार?

प्रवराकाठ:
कासला आत जायच्या जागा मोजक्या. इथे तीन जिल्ह्यांचे रस्ते येऊन मिळतात आणि तळ्याला वळसा घालून नऊ-दहा गावं. नोंदणी नसलेला माणूस शेंडीत येऊन वाद घालणार, तिथे राजूरचे दोन पोलीस आणि पाऊस. ते कोण सांभाळणार? मी म्हणतो आधी सोपं करा. रिसॉर्टला खोल्यांपेक्षा जास्त गाड्या आत घ्यायला बंदी, आणि सांडपाण्याची सोय नसेल तर परवाना रद्द. हे ग्रामपंचायतीपासून तहसीलपर्यंत कुणीही करू शकतं, इच्छा असेल तर.

ट्रायपॉड:
इच्छा! 😄

कसारा लोकल:
सगळ्यांचं वाचलं. आमचं १५ तारखेचं ठरलंय आणि ते मी बदलणार नाही, घाटमाथादादा रागावले तरी चालेल. मात्र पॅकेजवालं रिसॉर्ट रद्द केलं, आगाऊ दिलेल्यातले थोडे पैसे बुडाले. शेंडीच्या ताई, त्या दिवशी तुमच्याकडे दोन खोल्या आहेत का? सात माणसं आहोत. जेवण तुमच्याकडेच, मासवडी असेल तर उत्तम. गाडी शेंडीतच ठेवू, पुढे रतनवाडीला गावातली जीप करू. फक्त गाडी कुठे लावायची ते सांगा, शाळेजवळ मोकळी जागा दिसते नकाशात.

शेंडीची सून:
खोल्या आहेत, या. वरच्या खोलीला पंखा नाही पण त्या दिवसांत लागतबी नाही. मासवडी करीन, आदल्या दिवशी कळवा. शाळेजवळ मात्र अजिबात लावू नका, सकाळी झेंडावंदन असतं आणि पोरांची प्रभातफेरी तिथूनच निघते. आमच्या मागं खळं हाये, तिथं लावा. उतार चिखलाचा आहे, गाडी उलटी घाला म्हणजे निघताना ढकलावी लागणार नाही.

घाटमाथा:
सातजण एका गाडीत ना? मग माझी हरकत नाही.

कसारा लोकल:
दोन.