ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला बाहेरून फिल्टर: बसवावा की उगाच उठाठेव?

जालनावाला
गाडी जुनी डिझेल एसयूव्ही, सहा गिअरची, टॉर्क कन्व्हर्टरवाली (क्लचऐवजी तेलातून इंजिनची ताकद पुढं देणारी) ऑटोमॅटिक. 1,10,000 किमी झालेत. मी तिसरा मालक. गिअरबॉक्सचं ऑइल आधी कुणी बदललं का, याचा एकही कागद नाही. महिन्यातून दोनदा जालना-पुणे होतं, आणि सासरवाडी बीडकडची असल्यानं मांजरसुंब्याचा घाट ठरलेला. आमचे मिस्त्री म्हणतात, ऑइल थंड करणाऱ्या कूलरवरून गिअरबॉक्सकडं परत येणाऱ्या पाइपात एक फिल्टर टाकून देऊ, मग गिअरबॉक्सकडं बघायचं कामच नाही. सगळं धरून साडेचार हजार सांगितलेत. टाकू का?

प्रेसशॉप_वाळूज
टाका. वाळूजला हायड्रॉलिक प्रेसच्या मेंटेनन्समध्ये वीस वर्षं काढलीत, म्हणून जरा पाल्हाळ लावतो.

पंपाच्या तोंडाशी जी जाळी असते ती मुद्दाम जाड ठेवतात. बारीक केली तर पंपाला तेल ओढवत नाही आणि तो किंचाळायला लागतो. आमच्याकडं सक्शनला, म्हणजे पंप तेल ओढतो तिथं, 149 मायक्रॉनची जाळी असते आणि खरी बारीक गाळणी परतीच्या लाइनवर, 10 नाहीतर 25 मायक्रॉनची. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन. म्हणजे सक्शनच्या जाळीतून केसाच्या दुप्पट जाडीचा कण निवांत पार होतो. तुमच्या गिअरबॉक्समध्ये काय आहे? पंपाच्या तोंडाशी एक गाळणी आणि चेंबरच्या, म्हणजे खाली ऑइल साठतं त्या तसराळ्याच्या, तळाला दोन-चार चुंबकं. गाळणी फेल्टची असली तर जरा बरी, पण तिलाही तोच नियम. चुंबक लोखंड धरतं. क्लच प्लेटचा चुरा, बुशचा ॲल्युमिनियमचा कीस त्याला काय भीक घालणार? तो सगळा माल व्हॉल्व्ह बॉडीतून, म्हणजे ऑइलच्या दाबानं गिअर बदलणाऱ्या भागातून, फिरत राहतो आणि गिअर पडताना गाडी झटका मारते. परतीला फिल्टर नसलेलं मशीन मी तरी चालू करू देत नव्हतो.

लातूरचा_फिटर
प्रेसशॉप साहेब, तुमच्या मशीनवर परतीचं तेल टाकीत पडतं. अडलं तर टाकी काही जळत नाही. गाडीत तसं नाही. बऱ्याच गिअरबॉक्समध्ये कूलरवरून येणारं ऑइल सरळ वंगणाला जातं, बुशला, प्लॅनेटरी गिअरला. तिथंच बूच बसलं तर? गिअर पडत राहतात, गाडी पळत राहते, आणि आतलं बुश कोरडं फिरतं. आवाज येईपर्यंत खेळ संपलेला असतो.

मागच्या वर्षी उदगीरकडची एक गाडी टोचन करून आमच्याकडं आली. तिला असाच ‘फिल्टर’ होता. बघितलं तर पेट्रोलच्या लाइनला टाकतात तो प्लास्टिकचा, बोटाएवढा. पाइप साधा, पाण्याचा. मी नुसता दाबला तर वाळलेल्या चिंचेसारखा कटकन मोडला. क्लॅम्पपाशी चिरून चालू गाडीत सगळं ऑइल रस्त्यावर गेलं होतं. मालकाला कळलं कधी, तर ॲक्सिलेटर दाबला आणि गाडी जागची हलेना तेव्हा. साडेचार हजार वाचवा म्हणत नाही. चेंबर उतरवा, आतली जाळी बदला, ऑइल नवं भरा.

प्रेसशॉप_वाळूज
लातूरकर, तो फिल्टरचा दोष नाही, बसवणाऱ्याचा आहे. पेट्रोलचा फिल्टर ऑइलला लावला तर तो बिचारा काय करील? या कामाला बायपास व्हॉल्व्ह असलेलाच फिल्टर लागतो. चोंदला की आतली स्प्रिंग दबते आणि ऑइल न गाळता का होईना, पण पुढं जातं. पाइप ट्रान्समिशन ऑइलचाच हवा. आणि वंगणाला जाणारं ऑइल गाळलेलं असावं की घाण, हे तुम्हीच सांगा.

शिवाय हे काही गॅरेजातलं खूळ नाही. सुबारूच्या बऱ्याच ऑटोमॅटिकला बाहेरून फिरकीचा (आट्यांवर फिरवून बसवायचा) फिल्टर कंपनीतूनच यायचा. ॲलिसन या गिअरबॉक्सच्या कंपनीच्या 1000 मॉडेललाही आहे.

लातूरचा_फिटर
कंपनीनं दिला तो दाबाचा, प्रवाहाचा हिशोब करून दिला. आपल्या मिस्त्रीनं कुठला हिशोब केलाय? बायपासचं म्हणाल तर डिसेंबरात परभणीत पारा पाच-सहावर उतरतो तेव्हा ऑइल घट्ट असतं, सकाळी सकाळी बायपास उघडाच. वर्षभर फिल्टर बदलला नाही तरी उघडाच. मग राहिलं काय? दोन जादा जोड आणि चार क्लॅम्प, गळायला मोकळे.

नांदेडची_ताई
तुम्ही दोघं कचऱ्यावर भांडताय, मला उष्णतेची काळजी आहे. आमच्याकडं मे महिन्यात 43-44 अंश नेहमीचं. त्यात एसी चालू आणि घाटात ट्रकच्या मागं रांगत जायचं. टॉर्क कन्व्हर्टर अशा वेळी लॉक होत नाही, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडले जात नाहीत, तेलातच घुसळण चालू राहते. ऑइल 120 अंशांच्या वर जायला लागलं की झपाट्यानं जळतं. फिल्टरनं जळकं ऑइल ताजं होत नाही. तेवढ्या पैशात रेडिएटरच्या कूलरची साफसफाई करून घ्या.

अजून एक. बूच काढून ऑइल सोडलं की सगळं येत नाही, बरंच टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतं. समजा एकूण 10 लिटर आहे आणि 4 निघालं. पहिल्या वेळी 60 टक्के जुनं राहिलं, दुसऱ्यांदा 36, तिसऱ्यांदा 21-22. तीनदा करूनही पाचवा हिस्सा जुनाच! म्हणून ‘एकदा बदललं’ म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. माझ्या नवऱ्यावरसुद्धा.

हिंगोली_एक्स्प्रेस
माझ्या छोट्या गाडीला पण ऑटोमॅटिक लिहिलंय, क्लच पेडल नाही. मी कुठं लावू फिल्टर?

लातूरचा_फिटर
तुमची एएमटी असणार भाऊ. आत साधाच गिअरबॉक्स, क्लच आणि गिअर मोटार हलवते. ना कूलर, ना गाळणी. तुम्ही निवांत झोपा.

जालनावाले, तुम्ही आधी गाडीखाली वाकून बघा. बऱ्याच नव्या गाड्यांत कूलर गिअरबॉक्सच्या अंगालाच चिकटवलेला असतो, बाहेर पाइपच नसतात. मग हा सगळा वाद पाण्यात.

प्रेसशॉप_वाळूज
हे मात्र बरोबर. आणि पाइप असले तर परतीचा कोणता ते नक्की करून घ्या. थंड गाडी चालू करून दोन्हींना हात लावून बघा, आधी तापतो तो जाणारा. फिल्टर दुसऱ्यावर.

जालनावाला
काल चेंबर उतरवलं. चुंबकांवर करडी पेस्ट होती, बोटाच्या पेरावर घेऊन चोळली तर लोण्यासारखी, खडा कुठं लागला नाही. तुकडे नाहीत. ऑइल लाल असतं म्हणतात, आमचं कोऱ्या चहाच्या रंगाचं निघालं. जळका वास मात्र नव्हता. साडेचार लिटर आलं. जाळी बदलली, नवं भरलं, दुसरा फेरा 1,000 किमीनंतर. रेडिएटरच्या खालच्या टाकीला दोन पाइप आहेत, म्हणजे फिल्टरला जागा आहे. पण अजून घेतलेला नाही. मिस्त्री फुगून बसलेत.

प्रेसशॉप_वाळूज
ते निघालेलं ऑइल फेकलं नाही ना? पांढऱ्या सुती रुमालातून पेलाभर गाळा आणि रुमालाचा फोटो टाका. मग बोलू.

लातूरचा_फिटर
रुमाल कुणाचा ते आधी घरात विचारून घ्या.