लांडगा तणाची कोवळी रोपं आणि वासरं : मदत हवी आहे

तळ्याचं पाणी ओसरलं त्या पट्ट्यात लांडग्याची (झँथियम, सूर्यफूल कुळातलं) रोपं दाट उगवली आहेत. जमिनीवर पसरणारा सराटा नव्हे; हा उभा वाढणारा, आकडेवाल्या बोंडांचा. वासरं तिथेच चरायची, सध्या बांधून ठेवली आहेत. अजून कोणी आजारी नाही, पण जीव टांगणीला लागलाय.

कार्बॉक्सिॲट्रॅक्टिलोसाइड हे विष बियांत आणि दोन बीजपानांच्या (बी रुजताना निघणाऱ्या पहिल्या पानांच्या) रोपांत सर्वांत जास्त असतं, खरी पानं आल्यावर झपाट्याने कमी होतं आणि वाळल्यावरही टिकतं, एवढं वाचलंय. म्हणून उपटलेली रोपं गोळा करून कुंपणाबाहेर टाकली. तरी नवी उगवतातच. एका बोंडात दोन बिया असतात, त्यातली एक बऱ्याचदा उशिरा रुजते. तणनाशक नको, पाणी लागूनच आहे. मोठी जनावरं तिथे सोडून त्यांना ही रोपं खाऊ घाला, हा सल्लाही कृपया नको.

ज्यांनी अशा कुरणात जनावरं राखली आहेत किंवा जे पशुवैद्य आहेत त्यांना विचारतो : बीजपानं गळून खरी पानं किती आली की वासरं सोडायची, की उशिराची उगवण संपेपर्यंत थांबायचं?